मिचक्यावर आलेली देवी

आमच्या मुरबाडच्या घरात यायचं म्हणजे पाहुण्याला वायरींच्या वेटोळ्यांवरून उड्या मारत यावं लागे. पुढच्या खोलीत वडिलांचं लायटिंगचं दुकान, मधल्या खोलीत दुकानात न मावलेला माल, आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं. वडिलांना सगळा गाव भाऊ म्हणायचा, म्हणून मीही भाऊच म्हणायची. लग्न, साखरपुडा, पूजा, गणपती, शाळेचं संमेलन, जिथे मांडव तिथे भाऊंचे दिवे. भाऊंना मुलगा नव्हता, मी एकटीच. बारावी झाल्यावर मी दुकानात बसायला लागले ते कोणी मोठा विचार करून बसवलं म्हणून नव्हे, तर घरात बसायला दुसरी जागाच नव्हती म्हणून. तापलेल्या हॅलोजनवर धूळ जळल्याचा वास आणि तव्यावर परतल्या जाणाऱ्या सुकटीचा वास हे दोन वास माझ्या डोक्यात असे मिसळलेत की आजही कुठे सुकट परतताना मला उगाचच कुठला तरी प्लग तपासावासा वाटतो.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एका दिव्याबद्दल आणि मी त्या दिव्याबाबत केलेल्या एका लबाडीबद्दल. दिव्याचं खरं नाव स्ट्रोब. हा शब्द आमच्या घरात कधी रुजलाच नाही. पहिल्या दिवशी भाऊंनी तो मधल्या खोलीत लावून दाखवला, तेव्हा आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. उघड्या दारातून ते पांढरे चमकारे तिच्या परातीवर पडायला लागले आणि तिला आपलेच हात तुटक तुटक दिसायला लागले. "डोळे काय मिचकावतोय मेला! बंद करा तो, भाकर कुठं नि हात कुठं ते कळत नाय," ती ओरडली. तेव्हापासून तो मिचक्या. गिऱ्हाईकंही पुढे तसंच मागायला लागली, "भाऊ, चार हॅलोजन आन एक मिचक्या." मागच्या अंगणातल्या कोंबडीने मात्र त्या दिवशी जो धसका घेतला तो आठवडाभर अंडं दिलं नाही, आणि त्या आठवड्यातल्या प्रत्येक जेवणाला आईने ते भाऊंना ऐकवलं.

मिचक्या घेण्याआधी भाऊंनी घरीच एक प्रयोग केला होता. टेबलफॅनची जाळी काढून पात्याच्या जागी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची चकती लावली आणि मागे हॅलोजन ठेवला. उजेड तुटायचा छान, पण पुठ्ठा करपायचा. मग ते मुंबईला लाइटच्या बाजारात गेले. तिथे त्यांना दोन दिवे दाखवले. एक मोठा, डोळे दिपवणारा, पण त्याचा वेग ठरलेला, कमीजास्त होत नसे. दुसरा लहान, उजेडाला बेताचा, पण त्याला वेगाचं बटण. भाऊंनी लहान घेतला. "ज्याला लगाम नाय तो घोडा फुकट दिला तरी घेऊ नये," ते म्हणाले. दुकानदाराने त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली होती. हा उजेड फार भरभर लुकलुकला तर एखाद्या माणसाला फीट येते, आणि ते माणूस कोण हे आधी कोणालाच माहीत नसतं, त्या माणसालाही नाही. भाऊंनी घरी येऊन घड्याळ समोर ठेवलं, चमकारे मोजले, आणि सेकंदाला तीन चमकारे पडतील तिथे बटणाशेजारी लाल रेष मारली. रेष मारायला त्यांनी मी म्हसा गावच्या जत्रेतून आणलेलं नेलपॉलिश वापरलं. मला न विचारता.

त्यांचे नियम मला आजही पाठ आहेत. रेषेच्या पुढे जायचं नाही. दहा आकडे मोजायचे आणि बंद करायचा. डोक्याच्या वर टांगायचा, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीत कधी ठेवायचा नाही. लावण्याआधी माइकवर सांगायचं, की आता लुकलुकता उजेड येणार, कोणाला गरगरत असेल त्याने डोळ्यांवर हात ठेवावा नाहीतर बाहेर जावं. एका वेळी दोन मिचके लावायचे नाहीत, कारण दोघं काही एकमेकांना विचारून चमकत नाहीत, आणि तीन नि तीन सहा होतात. पंखा फिरत असेल तिथे लावायचा नाही, कारण त्या उजेडात फिरतं पातं थांबल्यासारखं दिसतं आणि माणूस बिनधास्त हात घालतं. आणि प्लग काढला तरी लगेच उघडायचा नाही, आत विजेचा साठा राहतो. हा शेवटचा नियम भाऊंनी स्वतः भिंतीवर आपटून शिकून घेतला होता. आता दुकान माझ्या दिराचा मुलगा चालवतो. त्याच्याकडच्या प्रत्येक दिव्यात मिचक्या आधीच भरलेला असतो, मोबाइलवरून चालतो. मी त्याला नियम सांगितले की तो "हो काकी" म्हणतो. हो म्हणायला त्याचं काय जातं?

शेणवा हे माझं आजोळ. मामाच्या शेजारच्या घरात वनिता राहायची, माझ्याच वयाची. लहानपणापासूनची मैत्री, म्हणजे भांडणं, एकाच ताटातलं वालाचं बिरडं आणि पुन्हा भांडणं. आम्ही एकोणीस वर्षांच्या झालो त्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा डोळखांबकडच्या शेतकरी घरातला, कारखान्यात कामाला, रोज आसनगावहून गाडी पकडणारा. मुलगा चांगला होता. सासू सगुणाबाई मात्र अजून मनातून पुरती वळलेली नव्हती. मुलगी सावळी आहे, बोलते फार, असं तिचं काहीबाही चालू असे.

संक्रांतीनंतर शेणव्याच्या बायकांनी हळदीकुंकवाचा मोठा कार्यक्रम ठरवला. दुपारी, समाजमंदिरात, कारण पाड्यावरच्या बायकांना दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं असतं. दिवे खुलावेत म्हणून खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या. हळदीकुंकवाला पुरुषाचं काय काम? त्यामुळे जोडणी झाल्यावर बायकांनी भाऊंना गोड बोलून बाहेर काढलं. ते समोरच्या चिंचेखाली चहा पीत बसले आणि दिव्यांपाशी मी एकटी उरले. जाताना ते एवढंच म्हणाले, "रेष बघ." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला तेव्हा फार भारी वाटत होतं. शंभरेक बायका, सगळ्या नटलेल्या, आणि सगळ्यांचा उजेड माझ्या हातात.

वनिता आणि तिच्या पाच मैत्रिणींचा नाच शेवटी होता. नऊवारी, नथी, पायांत चाळ. फुगड्यांवरून पिंग्यावर आल्या तसा मी मिचक्या लावला. माइकवर सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी सांगितलं नाही, मला वाटलं मजा जाईल. चमकाऱ्यांत त्या मुली क्षणभर हवेत थांबल्यासारख्या दिसल्या आणि बायकांनी किंकाळ्याच फोडल्या. "वाढव गो! आजून वाढव!" पुढच्या ओळीतून कोणी तरी ओरडलं, मग सगळ्याच ओरडायला लागल्या. मी बटण फिरवलं. रेष मागे पडलेली मला दिसली होती. मी दहा आकडेही मोजले नाहीत. नाच आणि उजेड दोन्ही इतकं भरभर चाललं होतं की वनिता थांबली हे आधी कळलंच नाही. ती मधोमध उभी होती, मान वर, डोळे पांढरे. मग ती आडवी झाली आणि तिचे हातपाय ताडताड उडायला लागले.

मी मिचक्या बंद करून साधे दिवे लावले. तोवर बायका उठल्या होत्या. "आली! देवी आली! गावदेवी आली गो!" हळदीकुंकवाची ताटं हाताशीच होती. कोणी तिच्या कपाळावर मळवट भरला, कोणी पदरात नारळ टाकला, एका म्हातारीने तिच्या उडणाऱ्या पायांवर डोकं टेकवलं आणि तिला चाळासकट लाथ बसली, तीही म्हातारीने प्रसाद म्हणून घेतली. होणारी सासू म्हणून खास बोलावलेली सगुणाबाई सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली. तिचे डोळे भरून आले होते. "माझ्या घरात देवी येनार," ती म्हणाली, आणि ज्या मुलीला सहा महिने नावं ठेवत होती तिच्यासमोर तिने हात जोडले. मिनिटाभराने वनिता शांत झाली. तोंडातून थोडं रक्त येत होतं, जीभ चावली गेली होती. ती भांबावून सगळ्यांकडे बघत होती आणि मी दिव्यांच्या मागेच उभी होते. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही.

टेम्पोतून परत येताना भाऊंनी विचारलं, "मिचक्या कुठवर नेला होतास?" आत काय झालं ते त्यांच्या कानांवर आलं होतं. मी म्हटलं, "रेषेवरच होता." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. भाऊ मला कधी दोनदा विचारत नसत, आणि त्या दिवशी त्यांनी विचारायला हवं होतं असं मला फार वाटलं.

पुढच्या महिन्याभरात वनिताचा भाव काय वधारला म्हणून सांगू! तिला विहिरीवर जाऊ देत नसत. मंगळवारी, शुक्रवारी बायका प्रश्न घेऊन यायच्या. एकीचा बैल हरवला होता, तर ही म्हणाली ओढ्याच्या अंगाला बघा, आणि बैल तिथे सापडला. शेणव्यातले सगळे बैल ओढ्याच्याच अंगाला जातात, पण हे कोण बोलणार! मी भेटायला गेले तेव्हा ती पाटावर बसून शेंगा खात होती. "मला काय आठवत नाय गो त्या दिवसाचं," ती म्हणाली. "नुसतं पांढरं पांढरं. लहानपनी एकदा झालेलं तसंच. येष्टीतून कल्यानला चाललेलो, कडेच्या झाडांतून ऊन असं लपलप तोंडावर येत होतं. मी पडले, तर आई बोलली उपाशी व्हतीस म्हनून." ती हसली. उजेड तुटून तुटून तोंडावर आला की हिला फीट येते, हे त्या क्षणी जगात फक्त मला ठाऊक होतं. तरीही मी काही बोलले नाही. बोलायचं म्हणजे मी बटण फिरवलं हे आधी सांगायला हवं होतं.

लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा वनिताचे वडील दुकानात आले. हळदीची लायटिंग सांगायला. "बाकीचं तुमी ठरवा भाऊ," ते म्हणाले, "पन मिचक्या पायजेच. दोन लावा. व्याहीनबाय तिचा सगळा गोत घेऊन येनार हाय, देवी बघायला. जोरात लावा, त्या दिवशी लावलेला तसा." भाऊ वहीत लिहीत होते, त्यांचा हात थांबला. "त्या दिवशी लावलेला तसा म्हंजे?" त्यांनी विचारलं, पण माझ्याकडे बघून.

वनिताचे वडील गेल्यावर, जेवणाच्या वेळी, मी सगळं सांगितलं. रेष, आकडे, माइक, एसटीतलं ऊन, सगळं. मला वाटलं मार बसेल. भाऊ जेवत होते, ते जेवतच राहिले. ताटातला भात संपवला, हात धुतला, आणि म्हणाले, "मी नाय लावनार, एवढं मी करीन. पन मुरबाडात लायटिंगवाला काय मी एकटाच हाय? दुसरा कोनीतरी लावील, तो रेषबिष काय बघनार नाय. मला सांगून काय उपेग शैले? जिचं डोकं आपटलं तिला सांग." आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "फीट हा शब्द गावात बोलू नको मात्र. लगीन मोडंल पोरीचं." त्या दोघांच्या दोन वाक्यांमध्ये मी अडकले. खरं सांगितलं तर वनिताचं लग्न जातं आणि गप्प राहिले तर कदाचित वनिताच जाते. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढं कळत होतं, पुढचं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेणव्याला गेले. वनिताला गोठ्यामागे नेऊन सांगितलं. ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. "म्हंजे देवी नाय?" "नाय. लाइट. आन लाइट मी वाढवला." तिने माझ्या दंडावर एक बुक्की मारली, मग विचार करून आणखी एक. मग ती खाली बसली. "फीटवाल्या पोरीला कोन घेतो गो?" ती म्हणाली. "ही सगुनाबाई मला देवी म्हनून घेतेय. देवी काढली तर खाली फीट उरते." मला रडू आलं. ती मात्र रडली नाही. बराच वेळ काडीने जमिनीवर रेघा ओढत बसली आणि मग म्हणाली, "मंगळवारी सासू ओटी भराया येनार हाय. तू ये. आन हसू नको."

मंगळवारी सकाळी सगुणाबाई चार जावांना घेऊन आली. ओटी भरून होते न होते तोच वनिताने केस सोडले आणि घुमायला सुरुवात केली. तिला घुमता येत नव्हतं हो! ती आपली जात्यावर बसल्यासारखी एका लयीत डुलत होती. पण आवाज तिने असा काढला की माझ्या अंगावर काटा आला. "पळता उजेड माझ्या म्होरं लावायचा नाय!" ती गरजली. "मला थीर उजेड पायजे! ज्या मांडवात मिचक्या लावाल त्या मांडवातून मी उठून जाईन, परत यायची नाय!" सगुणाबाई पायांवर पडली. "नाय लावनार आई, माझ्या कुळात कोन लावनार नाय." वनिताने एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं. काम झालं होतं, तिने थांबायला हवं होतं. पण देवीला अजून बोलायचं होतं. "आन या झाडाला," ज्याच्या अंगात येतं त्याला झाड म्हणतात, "या झाडाला लगीन झाल्यावर शिवनाच्या क्लासला धाडा!" मी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले. भाऊंना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "देवी शहानी हाय."

हळदीला पिवळे साधे दिवे लागले, भाऊंनीच लावले. लग्न पार पडलं. वनिता शिवणाच्या क्लासला गेली. नवऱ्याला तिने पहिल्याच वर्षी खरं सांगितलं. त्याने तिला ठाण्याला डॉक्टरला दाखवलं, गोळ्या सुरू केल्या, घरात त्या शक्तीच्या गोळ्या म्हणून खपल्या. आणि डोळखांबकडच्या त्या कुळात नियम पडला, की हळदीला मिचक्या लावायचा नाही, देवीला चालत नाही. इतकी वर्षं तो पाळला गेला. मला यात फार समाधान वाटायचं. भाऊंनी माणसांना सांगून सांगूनही जो नियम कोणी पाळला नाही, तो देवीने एका मंगळवारी पाळायला लावला, असं मी मनाशी म्हणायची. ते समाधान खोटं होतं हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

वनिताच्या धाकट्या मुलाची हळद होती, मुरबाडच्या एका हॉलमध्ये, दुपारची. आता सगळं हॉलमध्येच होतं. सगुणाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिच्या जावाही गेल्या होत्या. डीजे कल्याणहून आणलेला. देवीचा नियम त्या डीजेला कोण सांगणार? तरुण पोरांना तो आजीच्या वेळचा काहीतरी नेम म्हणून ठाऊक होता, आणि नेम म्हटलं की तो एखाद्या वेळेस मोडला तर चालतो. फीट म्हटलं असतं तर कोणी मोडला नसता. मी जेवणाच्या बाजूला होते. आतून उजेड लपलपायला लागला तशी मी ताट टाकून धावले. मी डीजेपाशी पोचेपर्यंत वनिताची तेरा वर्षांची नात सई, नाचणाऱ्या मुलींच्या मधोमध, आडवी झाली होती.

मी ओरडून दिवे बंद करायला लावले. तोवर हळदीची ताटं घेऊन बायका धावल्याच होत्या. "आजीची देवी नातीत आली!" कोणीतरी म्हणालं. एकीने सईच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला आणि वनिताने तो हात ताटासकट बाजूला ढकलला. "ताट लांब घे," ती म्हणाली. तिने सईला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर घडी करून ठेवला, तोंडात चमचा घालायला आलेल्या बाईला हाताने थांबवलं. तिचा आवाज चढला नव्हता. "देवी नाय ही. फीट हाय. मला पन फीटच आलेली."

नवरदेवाची एक काकी चाचरत म्हणाली, "असं कसं बोलता जाऊबाय? तुमची देवी तर बोललेली, मिचक्या नको म्हनून. सासूबाय सांगायच्या."

"ती मी बोलले व्हते," वनिता म्हणाली.

मग मला राहवलं नाही. मी सगळ्यांच्या मध्ये उभी राहून मोठ्याने म्हणाले, की त्या दिवशी बटण मी फिरवलं होतं, रेष मला दिसत होती, आणि हे मी इतकी वर्षं चारचौघांत कधी सांगितलं नाही. सई तेवढ्यात शांत झाली होती, डोळे उघडून आजीकडे बघत होती. वनिताने तिच्या केसांवरून हात फिरवत माझ्याकडे न बघताच म्हटलं, "ते मागाहून सांग गो शैले. आधी गाडी काढ."